सगळी टीम टेस्टिंगला बसली, तर टेस्टरने काय करायचं? – 'ऐरोलीकर' यांना उत्तर

ऐरोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागावून लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळींत उरकण्यापेक्षा इथेच उत्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आधी बीए (ग्राहकाच्या गरजा लिहून काढणारे बिझनेस ॲनालिस्ट), डेव्हलपर, सपोर्ट, अकाउंट्स अशा सगळ्यांना टेस्टिंगला, म्हणजे चुका शोधायला, बसवावं असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच काम नाही. तुमच्या कंपनीत हे करून झालं, जिरामध्ये, म्हणजे चुका नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिकिटांचा (नोंदींचा) ढीग पडला, त्यातली निम्मी 'बटणाचा रंग आवडला नाही' छापाची निघाली आणि ती निस्तरण्यात तुमचे शनिवार-रविवार गेले. वर आयएसटीक्यूबी या टेस्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा दाखला देऊन विचारलंत, की टेस्टिंग स्वतंत्र माणसानेच करायचं असतं हे मला ठाऊक नाही का.

शनिवार-रविवार गेल्याचं वाईट वाटलं. पण "सगळ्यांनी जरा ॲप चालवून बघा, काही सापडलं तर टाका" असा मेल फिरवायचा आणि येईल ते टेस्टरच्या गळ्यात मारायचं, याची बाजू मी घेतलेली नाही. अशा मेलवर माणसं काय करणार? जे डोळ्यांना दिसतं त्यावर बोलणार. रंग सगळ्यांना दिसतो.

मी म्हणते ते नवी मुंबईत महापेतल्या एका प्रोजेक्टवरून सांगते. तळोज्याकडच्या गोदामांसाठी बिलिंग आणि गेटपासचं सॉफ्टवेअर होतं. बिल नंबरची लांबी स्पेकमध्ये (सॉफ्टवेअर कसं हवं ते लिहिलेल्या कागदात) २५ अक्षरं दिली होती. आमच्या टेस्ट केसेस चोख होत्या: २४ घेतो, २५ घेतो, २६ नाकारतो. सगळं हिरवं, म्हणजे पास. मग अकाउंट्सच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही, "प्रिंट द्या" म्हणाल्या. कागदावर बोट ठेवून गोदामाचा कोड, आर्थिक वर्ष, तिरक्या रेघा, क्रमांक असं एकेक अक्षर मोजत गेल्या आणि एकविसाव्यावर थांबल्या. "हे जीएसटीत चालत नाही. सोळाच्या वर नंबर जात नाही." केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ४६ मध्ये हे स्पष्ट आहे: बिलाचा अनुक्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव. आम्ही स्पेकशी ताडून पाहत होतो, त्या कायद्याशी. टेस्टर कितीही हुशार असला तरी स्पेकच चुकीचा आहे हे त्याला कुठून कळणार? आणि प्रत्येक टेस्टरने जीएसटीचे नियम पाठ करावेत अशी तुमचीही अपेक्षा नसेल.

दुसरं उदाहरण सपोर्टचं. एकाच ट्रकचे दोन गेटपास निघतात अशी तक्रार जुन्या व्हर्जनपासून होती, आणि आमच्याकडे 'रिप्रोड्युस होत नाही' (पुन्हा घडवून दाखवता येत नाही) म्हणून दर वेळी बंद व्हायची. ऑफिसच्या वाय-फायवर सेव्ह दाबलं की पापणी लवायच्या आत काम होतं, मग होणार कसं? फोन उचलणाऱ्या सपोर्टच्या मुलाला शेजारी बसवलं. तो हँडसेट घेऊन उठला आणि लिफ्टमध्ये शिरला. दार बंद झाल्यावर सेव्ह दाबलं, काहीच हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, वर जाऊन बाहेर आला. दोन गेटपास तयार. गेटवर रेंज जाते, उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, मागे ट्रकवाले हॉर्न मारत असतात आणि वॉचमन दोनदा दाबतो, हे तो रोज फोनवर ऐकत होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणजे माझा मुद्दा फुकटचे हात मिळवण्याचा नाहीच. चूक कशाला म्हणायचं याची माहिती टीममध्ये विखुरलेली असते. ती गोळा करणं हे टेस्टरचं काम, आणि एकट्याने टेस्ट केसेस चालवण्यापेक्षा ते अवघड आहे. ज्याला जे ठाऊक त्याला नेमका तेवढाच प्रश्न द्यायचा: मॅडमना "हे बिल तुम्ही ऑडिटरपुढे ठेवाल का?", सपोर्टला "लोक कुठे अडकतात ते करून दाखव". वेळ बांधलेली हवी. जेम्स आणि जोनाथन बाख या भावांनी २००० साली सेशन-बेस्ड टेस्टिंग मांडलं, त्यात साधारण दीड तासाचं एक सेशन, त्याला ठरलेलं उद्दिष्ट आणि शेवटी टेस्टरशी बोलणं असतं. ते 'शेवटी बोलणं' गाळलं की तुमच्यासारखा ढीग पडतो.

जिराचा ॲक्सेस टेस्टरशिवाय कोणालाच देऊ नये, ही तुमची सूचना मला अर्धी पटते. पाहुण्यांनी तिकीट टाकू नये, टेस्टरने शेजारी बसून लिहून घ्यावं. पण शंका टेस्टरपर्यंत पोचून तिची नोंद झालीच पाहिजे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने पौंड-फोर्स सेकंद या एककात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद धरले, हे आपल्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. चौकशी अहवालात आणखी एक गोष्ट आहे: आकडे जुळत नाहीत असं नेव्हिगेशनच्या माणसांना आधीच वाटत होतं, पण ठरलेल्या फॉर्मवर ती शंका नोंदवलीच गेली नाही. ती तोंडी आणि मेलवर फिरत राहिली.

आता आयएसटीक्यूबी. २०२३ चा फाउंडेशनचा अभ्यासक्रम, आवृत्ती ४.०, उघडून बघा. स्वतंत्र टेस्टिंगचा भाग तुम्ही सांगता तसा आहेच, पण त्याच्या लगेच आधी अख्ख्या टीमने गुणवत्तेची जबाबदारी घेण्याचा भाग आहे. स्वातंत्र्याचे तोटेही दिलेत: टेस्टर एकटे पडतात, डेव्हलपरांशी वितुष्ट येतं, डेव्हलपर गुणवत्तेबाबत निर्धास्त होतात. जिवाशी खेळ असलेल्या प्रणालींना मात्र जास्त स्वातंत्र्य लागू शकतं असंही तिथेच म्हटलंय, ते मला मान्य. गोदामाचं बिल म्हणजे पेसमेकर नव्हे. आणि 'डेव्हलपरला स्वतःच्या चुका दिसत नाहीत' हे 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या पुस्तकाचे लेखक ग्लेनफर्ड मायर्स १९७९ पासून सांगत आलेत, पण ते स्वतःच्या कोडबद्दल. शेजारच्या डेव्हलपरचा कोड द्या, मग बघा कसा तुटून पडतो.

वेळ जातो, मॅनेजर कुरकुरतो, हेही खरं. गेटपास रात्री बंद पडला की जाणारा वेळ त्याला दाखवा, एवढंच सांगते.

तुमच्या ज्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत: "उद्या हेच कारण दाखवून टेस्टर कमी करतील." करतात. ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या पट्ट्यात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही भीती कोणी समजावून सांगायला नको. "सगळे करतायत ना टेस्टिंग" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं, तर त्यालाच विचारा: रिग्रेशन, म्हणजे आधीचं काही बिघडलं नाही ना हे तपासणाऱ्या टेस्ट, कोण लिहिणार? मॅडम दीड तास बसून त्यांच्या लेजरकडे परत जातात, सपोर्टचा मुलगा फोनवर. त्यांनी दाखवलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या रिलीजलाही तपासली जावी, हे टेस्टरच बघतो. साइन-ऑफवर, म्हणजे रिलीजच्या शेवटच्या मंजुरीवर, नावही त्याचंच राहायला हवं.

अख्खी टीम नको असेल तर राहू द्या. पुढच्या रिलीजला सपोर्टमधला एकच माणूस मागा, दीड तासासाठी, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसा. मग काय सापडलं ते इथे लिहा, 'काहीच नाही' असलं तरी.