खाडीचं पुढीलदार

माझ्या भाच्याने गणपतीत आत्याच्या घराखालच्या खाडीची रील टाकली. ड्रोनवरून घेतलेली, खरंच सुरेख आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘कोकणातली कुणालाच माहीत नसलेली जागा’. तेव्हापासून मला मेसेज येतायत, नेमकं कुठे, गाडी खालपर्यंत जाते का, राहायची सोय काय. पहिल्या दहा जणांना नीट उत्तरं दिली. मग चिडचिड व्हायला लागली. भाच्यावर नव्हे, तो बिचारा हौशी आहे. त्या ‘कुणालाच’ या शब्दावर. म्हणून ही लांबण लावतोय.

खाडी वाघोटनची. विजयदुर्गाची खाडी म्हटलं की जास्त लोकांना कळतं. अलीकडचा तीर देवगड तालुक्यात, पलीकडचा राजापुरात. आत्याचं घर मुखापासून बरंच आत आहे, जिथे समुद्राची गाज ऐकू येत नाही आणि पाणी तळ्यासारखं पडून असतं. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, विचारू नये.

मी पहिल्यांदा मोटार घेऊन तिथे गेलो तेव्हा गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, लावली, उतरणीवरून खाली आलो आणि थेट न्हाणीपाशी निघालो. शेणकूट, लाकडांची खोप, वाळत घातलेली लुगडी. आत्या दारात आली नि म्हणाली, “चोरासारखो मागीलदारान काय येतंस?” तेव्हा हसलो. नंतर घराला वळसा घालून पुढे गेलो तर ओटी, तुळस, अंगण सगळं पाण्याकडे तोंड करून. अंगणातून जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, खाली उतरते आणि मोडक्या धक्क्याशी थांबते. आजूबाजूची जुनी घरंही तशीच. पाहुणा येणार तो पाण्यातून, हे घर बांधणाऱ्याने गृहीत धरलं होतं. रस्ता खूप उशिरा आला, आणि आला तो मागीलदारी. मुंबईतून आलेले आपण सगळे न्हाणीजवळून आत शिरतो आणि म्हणतो, काय आडवाट आहे हो!

आडवाट हा रस्त्याच्या हिशेबातला शब्द आहे. पाण्याच्या हिशेबात ही खाडी भर पेठेत होती. मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत खारेपाटण. तिथे शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा ताम्रपट सापडला. त्यात देवस्थानाला काय काय लावून दिलं याची यादी आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, हे त्यातलं एक कलम. हजार वर्षांपूर्वी या मुलखात परदेशी गलबतं इतकी नेमाने येत होती की त्यांच्यावर देवळाचा खर्च टाकता यावा. त्या जागेला आपण आता ‘अनटच्ड’ म्हणतो!

विजयदुर्गाचं बंदरही काही उगाच नावाजलेलं नाही. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो, पाणी उथळ होतं, लाट फुटते, आणि वादळात आत शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. इथे तसा दांडा नाही. बाहेर समुद्र खवळलेला असला तरी गलबत सरळ आत येऊन किल्ल्याच्या आडोशाला उभं राहायचं. आंग्र्यांनी हीच जागा धरली ती त्यासाठी. इंग्रज तिला घेरिया म्हणत. फेब्रुवारी १७५६मध्ये त्यांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आठवलं की आजही तोंड कडू होतं. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप इथेच राहिले. गिर्ये बाजूला खडक कोरून केलेली आरमाराची गोदी अजून आहे. रीलमध्ये ती दिसत नाही, कारण वरून ती नुसती चिखलाची खाच वाटते.

मग आगबोटींचा काळ. मुंबईहून निघालेली बोट जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी लागत जायची. पडावातून, म्हणजे बोटीपाशी येणाऱ्या मचव्यातून, उतरायचं, मग होडीने खाडीत आत. पावसाळ्यात बोटी बंद. आत्याचं लग्नाचं सामान, पितळी हंड्यासकट, असंच आलं. नंतर महामार्ग वर सरकून झाला, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तीही आतूनच, आणि खाडी गावाच्या मागे पडली. ती जिथल्या तिथेच आहे. पाठ आपण फिरवली.

आता कुणी म्हणेल, बाबा, एवढा शब्दच्छल कशाला? छान आहे, शांत आहे, येऊ दे की लोकांना. येऊ द्या. पण ‘कुणाचं नाही’ असं एकदा मनात बसलं की माणूस तिथे वेगळा वागतो. आणि माणसापेक्षा कागद जास्त.

आत्याच्या घरावरचा सडा घ्या. सातबाऱ्यावर बहुतेक पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. एप्रिलमध्ये पाहिलात तर तुम्हीही तेच म्हणाल, काळा तापलेला कातळ, चप्पल नसेल तर पाय भाजतो. पण जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि आडवा सरकत उतारावर झऱ्यांमधून बाहेर पडतो. आत्याची विहीर मे महिन्यात आटत नाही ती या ‘खराब्या’च्या जोरावर. ऑगस्टमध्ये त्याच कातळावर सीतेच्या आसवांची निळी-जांभळी पखरण असते, मधेमधे गेंद. राजापूर तालुक्यातल्या अशाच सड्यांवर, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे इथे, कातळशिल्पं आहेत, आणि २०२२पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. म्हणजे प्रागैतिहासिक माणसाला हा सडा रिकामा वाटला नव्हता.

खाली खाजणात, खाडीकाठच्या चिखलात, तेच. तिवर, कांदळ, चिप्पी ही खारफुटीची झाडं. भरतीला निम्मी झाडं पाण्यात, ओहोटीला त्यांची श्वसनमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर. पांढऱ्या चिप्पीला २०२०मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष केलं, छान झालं. पण ड्रोन उडवायला उघडी जागा हवी म्हणून फांद्या तोडणारा पोरगा मी याच वर्षी पाहिला. त्याला म्हटलं, अरे, याच मुळांत बोय आणि तांबोशीची पिल्लं वाढतात, कुर्ल्या इथेच दडतात, आणि समोरच्या खडकावर बायका कालवं काढतायत ना, त्यांची चूल यावर चालते. तो म्हणाला, “काका, एकच फांदी आहे.”

मोठ्या माणसांची फांदी जरा मोठी असते, इतकंच. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प याच खाडीच्या दोन तीरांवर येणार होता. २०१७मध्ये जमिनीची अधिसूचना निघाली, गावं उठली, मार्च २०१९मध्ये ती रद्द झाली. त्या वादात कोण बरोबर, कोण राजकारण करत होतं, यावर कमेंटमध्ये महाभारत नको. मला एवढंच आठवतं की टीव्हीवरच्या चर्चेत एक जण नकाशावर बोट ठेवून म्हणाला होता, इथे आहेच काय? आणि भाच्याची रीलही तेच म्हणते, फक्त प्रेमाने.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कोकणप्रेमाची पोस्ट वाटेल. तिथे राहणं सुखाचं नाही. आत्याचे यजमान रात्री छातीत दुखायला लागून गेले. सड्यापर्यंत खुर्चीत बसवून चढवेस्तोवर उशीर झाला होता. वाडीत सात घरं, त्यातली चार बंद. समोरच्या तीरावर डोळ्यांना दिसणारं घर होडीने दहा मिनिटांवर आणि रस्त्याने पुलाला वळसा घालून तासाच्या वर. पूर्वी तरीवाला होता, होडीने पार नेणारा. हाक मारली की यायचा. तो गेला, त्याचा मुलगा पुण्यात आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गावरचे मोठे पूल होतील तेव्हा होतील, त्याला माझा विरोध नाही. पण तोवर पार नेणारी एक साधी होडी चालू ठेवायला काय जड आहे, हे मला खरंच कळत नाही. रिसॉर्टसाठी जेट्टी होते. शाळेच्या पोरांसाठी आणि आजारी माणसासाठी होत नाही.

जायचंच असेल तर एक गोष्ट मात्र शिकून जा. तिथे मोबाइलवर भरती-ओहोटी कुणी बघत नाही. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीनला भरती. अष्टमीला सहाला. थोडं मागेपुढे होतं, पण चुकत नाही. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाणाऱ्या पाण्याला पंचांगाइतकं चपखल घड्याळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

या दिवाळीत मी विजयदुर्गाच्या जेट्टीवरून होडी ठरवलीय. भाचाही येणार आहे, कॅमेरा घेऊन. आत्याला फोन करून सांगितलं, भाऊबीजेला येतोय, आणि पुढीलदाराने येतोय. मला वाटलं होतं खूश होईल. तिने क्षणभर हिशेब केला.

“भाऊबीज म्हणजे दुतिया. दीडाक भरती. साडेतीनाच्या आत येवा, नायतर धक्क्याक होडी लागूची नाय, चिखलातसून येवचा लागात.”