पहिले चुंबन आणि लेखकाचा संकोच : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. साहित्यातील पहिल्या चुंबनावरच्या लेखात ‘चांगला लेखक ओठांपाशी थांबतो’ असे मी म्हटले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की हा निव्वळ सोवळेपणा आहे, लेखकांच्या भित्रेपणाला मी कलेचा मुलामा दिला आहे, आणि माझ्या सर्व उदाहरणांत पुढाकार पुरुषाचाच आहे. यातला काही भाग मला मान्य करावाच लागेल.

‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाचे उदाहरण मी इतक्या ठामपणे द्यायला नको होते. दोघांच्या एकांतात आश्रमातली वडीलधारी गौतमी येते, शकुंतला निघून जाते आणि दुष्यंत मागे हळहळत राहतो : बोटांनी पुन्हा पुन्हा ओठ झाकणारा, नकार देताना अडखळणारा, खांद्याकडे वळलेला तो चेहरा कसाबसा वर उचलला, पण त्याचे चुंबन मात्र घेतले नाही. मूळ श्लोकाच्या अगदी शेवटी ‘तु’ (म्हणजे ‘मात्र’) हे एकाक्षरी अव्यय येते आणि सगळी चुटपुट तिथे साठते. परंतु रंगमंचावर चुंबन दाखवू नये असा नाट्यशास्त्राचा दंडक होता, हे मी सांगितलेच नाही. जिथे थांबणे भागच होते, तिथे थांबल्याचे श्रेय कालिदासाच्या संयमाला देता येत नाही. (द्यायचेच तर त्या बंधनातून ‘तु’ काढण्याच्या कसबाला द्यावे.)

रशियन लेखक चेकॉव्हच्या १८८७ सालच्या ‘चुंबन’ या कथेला मात्र आपण त्याच माळेत ओवता, ते पटत नाही. अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याच कोणाची वाट पाहणारी एक अनोळखी स्त्री रियाबोविच या बुजऱ्या लष्करी अधिकाऱ्याला मिठी मारून त्याचे चुंबन घेते आणि चूक ध्यानात येताच दचकून मागे सरते. त्यानंतर त्याच्या डाव्या गालावर, मिशीजवळ, पेपरमिंटचा थेंब पडावा तशी गार झिणझिणी राहते. शरीराविषयी याहून नेमके काय लिहायचे? पुढे तो सोबत्यांना हा प्रसंग सांगू लागतो, तेव्हा सगळे क्षणात सांगून संपते आणि तो चकित होतो, कारण आपण सकाळपर्यंत बोलत राहू अशी त्याची कल्पना होती. माझा मुद्दा हाच होता, फक्त मी तो चुकीच्या शब्दांत मांडला. ती कृती कितीही उघडपणे लिहिली तरी दोन वाक्यांत आटोपते. लेखकाचा कस लागतो तो तिच्या अलीकडे आणि पलीकडे.

पुढाकाराविषयीचा आपला आक्षेप चेकॉव्हच्या कथेला लागू पडत नाही. तरीही अमरुशतक या संस्कृत शृंगारकाव्यसंग्रहातील ‘शून्यं वासगृहं’ हा श्लोक लेखात घ्यायलाच हवा होता. दालनात दुसरे कोणी नाही असे पाहून ती तरुणी शय्येवरून हळूच उठते, झोपेचे सोंग घेतलेल्या पतीचा चेहरा बराच वेळ निरखते, तो गाढ झोपला आहे या भरवशावर त्याचे चुंबन घेते, आणि मग तिला त्याच्या गालावर उभा राहिलेला काटा दिसतो. ती लाजून मान खाली घालते. तो हसतो आणि आता त्याची पाळी येते. हे पहिलेच चुंबन, असे श्लोक कुठे म्हणत नाही, पण तिची धिटाई आणि लाज इतकी लागोपाठ येतात की मला तरी ते पहिलेच वाटते. इथे काहीही झाकलेले नाही आणि लक्षात राहतो तो गालावरचा काटा.

राहिला सोवळेपणा. मराठीत लिहिताना अडचण शब्दापासूनच सुरू होते. ‘चुंबन’ पुस्तकी, ‘मुका’ लाडिक किंवा थिल्लर, ‘पापा’ लहान मुलांचा, आणि ‘किस’ संवादात चालला तरी निवेदनात खटकतो. माझ्या एका कथेत मी त्या वाक्यापाशी आठवडाभर अडून बसलो होतो आणि शेवटी ‘तिने त्याचा चष्मा काढून बाजूला ठेवला’ एवढेच लिहून परिच्छेद संपवला. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर ते पान पुन्हा काढून पाहिले. तिथे मी थांबलो तो संयमामुळे नव्हे. मला शब्द सापडला नव्हता.