सोसायटीमागचे 'तीन बिबटे'

गेले पंधरा दिवस गोरेगाव-मुलुंडकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोबत अकरा सेकंदांचा व्हिडिओ. करड्या पडद्यावर तीन पांढरे ठिपके कुंपणाच्या कडेकडेने सरकतात, एवढंच. खाली मजकूर असा: 'आरेत ३ बिबटे! थर्मल मोनोक्युलरने टिपले. हे यंत्र २ किलोमीटरवरचं जनावर ओळखतं. पाऊस, धुकं, झाडी, भिंत, काही आड येत नाही. सोसायटीने एक घ्या, वॉचमन निर्धास्त. गावी डुकराच्या शिकारीलाही मस्त, यंत्राला लायसन्स नाही म्हणजे कायद्याची कटकट नाही.' आमच्या कमिटीत तर मेंटेनन्समधून पाऊण लाख काढायची भाषा सुरू झाली.

थर्मल मोनोक्युलर म्हणजे अंगाची उष्णता टिपून पडद्यावर चित्र काढणारी एकडोळी दुर्बीण. मी चार वर्षं हे यंत्र वापरतोय, रातवे (रात्री उडणारे पक्षी) आणि उदमांजरं बघायला. यंत्र झकास आहे. म्हणूनच मेसेज जास्त झोंबला.

आधी ते २ किलोमीटर. हा आकडा खोक्यावर खरोखरच छापलेला असतो, पण तो कशाचा ते कुणी वाचत नाही. तो 'काहीतरी आहे' एवढं कळण्याचा आकडा, आणि तोही उभ्या माणसाच्या मापाने काढलेला. हिशोब घरी करता येतो. सेन्सरवरचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि भिंग ३५ मिलिमीटरचं धरा. २ किलोमीटरवर एका पिक्सेलमध्ये जवळजवळ ७० सेंटिमीटर मावतात. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६०-७० सेंटिमीटर. म्हणजे अख्खा बिबट्या उंचीला एक ठिपका. झूम केलंत तर तोच ठिपका मोठा चौकोन होईल, त्याला मिशा फुटणार नाहीत.

दिसणं, प्रकार कळणं आणि नेमकं ओळखणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे जॉन्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्येच मांडलं होतं. त्याच्या निकषाने चार पायांचं जनावर आहे हे कळायला आठेक पिक्सेल लागतात, ओळख पटायला बारा-तेरा. वरच्याच भिंगाने बिबट्यासाठी हे अंतर येतं अनुक्रमे सव्वादोनशे-अडीचशे आणि दीडशे मीटर. स्वस्त यंत्रात भिंग १९ मिलिमीटरचं असतं, त्यात हे जवळपास निम्मं होतं. आणि हे सगळं हवा कोरडी, हात स्थिर आणि जनावर उघड्यावर असेल तर. त्यातही जॉन्सनचे आकडे निम्म्या वेळा बरोबर ठरण्याचे आहेत, हे दुकानदार सांगत नाही.

आता ते 'ओळखतं'. थर्मलमध्ये उष्णतेचा आकार दिसतो, रंग दिसत नाही, आणि रात्री अंगावरचे ठिपकेही दिसत नाहीत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातले बिबटे मोजले जातात ते कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप साध्या प्रकाशातला फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, कारण प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी. २०१५ मध्ये तिथे ३५ बिबटे मोजले गेले ते असेच. थर्मलच्या पडद्यावर ती नक्षी पुसलेली असते. शिवाय खोली कळत नाही. तीस मीटरवरची बोकी आणि ऐंशी मीटरवरचं मोठं जनावर सारख्याच मापाचं दिसतं, शेजारी अंदाज घ्यायला खांब किंवा स्कूटर नसेल तर. पहिल्या वर्षी मी स्वतः एका मांजरापायी घामाघूम होऊन जिन्यात पळालो होतो.

मग बघायचं काय? चाल आणि शेपूट. बिबट्या अंग जमिनीलगत ठेवून चालतो, डोकं खांद्यांच्या रेषेत, शेपूट लांब आणि खाली, टोकाला किंचित वर वळलेली. व्हिडिओतले तिघे दुडक्या चालीने जातात, दोघांच्या शेपट्या पाठीवर वळलेल्या. मादी आणि तिचे दोन मोठे बच्चे असे तीन बिबटे एकत्र दिसू शकतात, नाही असं नाही. पण पाठीवर शेपटी वळवून कोणी बिबट्या फिरत नाही.

पाऊस-धुक्याचं सांगतो, कारण इथे मुंबईचा प्रश्न आहे. ही यंत्रं मुख्यतः युरोपातल्या शिकाऱ्यांसाठी बनतात. तिथे रानडुकराची शिकार अनेक देशांत कायदेशीर आहे. जाहिरातीतलं शेत गोठलेलं असतं, डुक्कर दिव्यासारखं उजळतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही हवा २८ अंशांच्या आसपास. केसाळ जनावराची कातडीवरची ऊब केसांतच अडते, वरचा थर हवेपेक्षा जेमतेम काही अंश गरम. उलट दिवसभर तापलेलं डांबर, कंपाउंडची भिंत, कान्हेरीकडचा कातळ मध्यरात्रीपर्यंत पांढरेफटक चमकतात. मला उन्हाळ्यात सगळ्यात स्वच्छ चित्र मिळतं पहाटे चार ते साडेपाच. जुलैत मात्र पंचाईत. पाऊस पडून गेला की पान, दगड, भिंत सगळं एकाच तापमानाला येतं आणि पडदा खिचडीसारखा. हवेतली वाफ आणि पावसाचे थेंब ही उष्णतेची किरणं वाटेत खातात ते वेगळंच.

झाडी विरळ असेल तर फटीतून चमक दिसते, दाट असेल तर नाही. भिंतीपलीकडचं काहीच दिसत नाही. भिंत सोडा, साधी काचही नाही. बाराव्या मजल्यावर मी पहिल्यांदा बंद स्लायडिंगमधून बघितलं तर समोर जंगलाऐवजी एक भुतासारखा चेहरा. माझाच, काचेत पडलेला. खिडकी सरकवली तसे खाली झाडावर लटकलेले वटवाघळांचे घोस पेटले. काच ही उष्णतेची किरणं अडवते; यंत्राचं स्वतःचं भिंग ती आरपार जाऊ देणाऱ्या जर्मेनियमचं असतं ते याचसाठी. साप तर यात जवळपास दिसतच नाहीत, त्यांचं अंग आजूबाजूइतकंच गरम. गंमत म्हणजे पार्कातल्या चापडा नावाच्या विषारी सापाच्या नाकाडाशी उष्णता टिपणारे खळगे जन्मजात असतात, पाऊण लाख न मोजता.

शिकारीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. लायसन्स यंत्राला लागतं की नाही हा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या; दोघांचीही शिकार बंद. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, हाकारणं, आमिष लावणं आणि यातला प्रत्येक प्रयत्न येतो. पिकाची नासाडी होत असेल तर परवानगी देणारे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी. मुंबईहून गणपतीला गेलेला भाऊ नव्हे. आणि ठिपक्यावर गोळी घालणं म्हणजे काय ते पालघरवाल्यांना विचारा. २०२५ च्या जानेवारीअखेरीस मनोरकडच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली. थर्मलवाल्याला ठिपका आधी दिसतो, म्हणून चुकायची घाईही आधी होते.

पक्षी-प्राणी बघायला कुणाला घ्यायचंच असेल तर घ्या. प्रकाश सोडत नाही, जनावर बिचकत नाही, हा मोठा गुण. सेन्सर ३८४ × २८८ पिक्सेलच्या खाली नको. भिंग १९ ते २५ मिलिमीटरचं बस, कारण आपल्या झाडीत पन्नास मीटरपलीकडे बघायला मिळतं कुठे? ३५च्या भिंगात पन्नास मीटरवर जेमतेम साडेसहा मीटर रुंदीचं चित्र मावतं, उडालेला रातवा शोधेपर्यंत तो पवईला पोचतो. झूमच्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा, तापमानातला किती बारीक फरक टिपतं ते विचारा. २५ मिलिकेल्विन (एक मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा हजारावा भाग) किंवा कमी असलेलं बरं, आपल्या दमट हवेत तोच फरक कामी येतो. आधी डोळ्याकडचं चक्र फिरवून पडद्यावरची अक्षरं स्वच्छ करा, मग पुढचं भिंग जुळवा. नव्वद टक्के तक्रारी इथेच मिटतात, असं माझं आपलं मत. पडद्याचा उजेड तळाला ठेवा, नाहीतर यंत्र खाली घेतल्यावर पायाखालची पायरी दिसत नाही.

रविवारी कमिटीला गच्चीवर नेलं आणि माझं यंत्र वॉचमनकाकांच्या हातात दिलं. कुंपणाशी तेच तीन ठिपके. काकांनी दोन सेकंद बघितलं. "मोत्या हाय आन् त्याची पोरं. बी-विंगच्या कचऱ्यावर चाललीत." व्हिडिओ टाकणारे गृहस्थ तोवर खाली गेले होते.

पाऊण लाखाचा ठराव बारगळला. कुत्री कचऱ्यामागे येतात आणि बिबट्या कुत्र्यांमागे, तेव्हा झाकणाचे डबे घ्या, हा माझा प्रस्ताव पुढच्या मीटिंगवर ढकललाय.