म्हशीच्या गळ्यात बटण बांधून म्हैस सापडत नाही

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या पंधरवड्यात त्यावर एकच मजकूर चार जणांनी टाकला: "नाद खुळा वस्तू! हे छोटं बटण गाडीच्या सीटखाली टाका. चोर गाडी घेऊन गोव्याला गेला तरी सॅटेलाइटवरून लाइव्ह दिसणार. सिम नको, रिचार्ज नको, कुठलाही फोन चालतो. पोरांच्या दप्तरात टाका, म्हशीच्या गळ्यात बांधा, निर्धास्त झोपा."

माझ्याकडं असली दोन बटणं आहेत, ब्लूटूथ टॅग म्हणतात त्यांना. वस्तूशी माझं वैर नाही. पण वरच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

"सॅटेलाइटवरून" हे आधी घेऊ. या टॅगमध्ये जीपीएस नसतं. असतं तरी भागलं नसतं. जीपीएसचा उपग्रह कुणावर नजर ठेवत नाही, तो नुसते वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत सोडतो. आपण कुठं आहोत हे खालचं यंत्र स्वतः मोजतं, आणि ते दुसऱ्याला कळवायचं तर मोबाईलचं नेटवर्क लागतं. म्हणजे सिम आलं, रिचार्ज आला. टॅग करतो एवढंच की, ब्लूटूथवरून थोड्या थोड्या वेळानं "मी इथं आहे" अशी बारीक हाक मारत राहतो. मोकळ्यावर ती थोड्या अंतरापर्यंतच ऐकू जाते, भिंत आडवी आली की आणखी कमी. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोननं ती ऐकली, की तो फोन स्वतःचं ठिकाण त्याला जोडून कुलूपबंद करून कंपनीकडं पाठवतो आणि तुमचा फोन ते कुलूप उघडतो. ॲपलचा २०२१ सालचा एअरटॅग घ्या, सॅमसंगचा घ्या, नाहीतर गुगलच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या फोनच्या जाळ्यावर चालणारा, गाभा हाच. तुमची पिशवी शोधून देतो तो महाद्वार रोडवरून चाललेला अनोळखी माणूस, आणि त्याला याचा पत्ताही नसतो.

"लाइव्ह" म्हणाल तर त्याची परीक्षा मी घेतली. मेहुणा गगनबावड्याकडं गावी निघाला होता, त्याला सांगून त्याच्या बॅगेत टॅग टाकला. एसटीत होता तोवर ठिपका छान सरकत होता, कारण आजूबाजूच्या प्रवाशांचे फोन बरोबरच चालले होते. कळे गावापर्यंत मजा आली. तो उतरून शेतातल्या घराकडं गेला आणि ठिपका रस्त्यावरच थांबला. दुसऱ्या दिवशी मेहुणा परत येऊन आमच्याकडं चहा पीत होता, तरी काही वेळ नकाशावर तो तिकडंच उभा! गुगलच्या जाळ्यात तर मूळ सेटिंगच असं असतं की एकट्यादुकट्या फोननं टॅग पाहिला तर ठिकाण कळवलं जात नाही, बरेच फोन लागतात. खासगीपणासाठी ते बरोबरच आहे. पण त्यामुळं गर्दीच्या मंडईत चालणारा टॅग घाटात मुका होतो.

"कुठलाही फोन चालतो" हेही नाही. एअरटॅग जोडायला आयफोन किंवा आयपॅड लागतो, सॅमसंगच्या टॅगला गॅलेक्सी. बाकी अँड्रॉइडवाल्यांनी गुगलच्या जाळ्याला जोडणारा टॅग आहे ना, हे डबीवर बघून घ्यावं. आणि काही स्वस्त टॅग स्वतःच्याच ॲपवर चालतात. त्यांच्यामागं जाळंच नसतं. खोलीत पिपाणी वाजवण्यापलीकडं त्यांचा उपयोग नाही.

आता गाडीचोर. मेहुण्याची गोष्ट अर्धीच सांगितली मघाशी. गावी पोचल्यावर त्याच्या फोनवर सूचना आली: अनोळखी टॅग तुमच्याबरोबर प्रवास करतोय. बरोबर नकाशा, आणि दाबलं की टॅग वाजवायची सोय. ही सूचना चुकून येत नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. बायकांच्या पर्समध्ये, गाडीत गुपचूप टॅग टाकून पाठलाग करण्याचे प्रकार जगभर झाले, तेव्हा ॲपल आणि गुगलनं मिळून एक ठराव केला आणि मे २०२४ पासून दोन्हीकडच्या फोनवर अशी सूचना येऊ लागली. एअरटॅग तर मालकापासून बराच वेळ लांब राहिला आणि हलवला तर स्वतःहूनच वाजतो. सापडला की तो कसा बंद करायचा, बॅटरी कशी काढायची, हेही फोनच सांगतो. म्हणजे तुम्ही चोरासाठी लावलेला पहारेकरी चोरालाच उठवून सांगतो, "दादा, मी सीटखाली आहे." यात दोष टॅगचा नाही. चोर आणि पाठलाग होणारी पोरगी यांतला फरक फोनला कळत नाही. दोघांतून एकाला वाचवायचं तर पोरीलाच वाचवायला हवं, आणि इथं माझं मत कंपन्यांच्या बाजूचं आहे.

शिवाय दुचाकीच्या पत्र्याखाली ब्लूटूथची हाक आणखी बारीक होते. गाडीसाठी हवाच असेल तर सिमवाला जीपीएस ट्रॅकर मेकॅनिककडून वायरिंगला जोडून घ्या, रिचार्ज भरा. आणि नकाशावर चोर दिसला म्हणून चार पोरं घेऊन तिथं जाऊ नका. ठिपका असतो ऐकणाऱ्या फोनच्या जागेचा, त्यामुळं पेठेतल्या बोळात तो शेजारच्या घरावरही पडतो. निरपराध माणसाच्या दारात राडा होईल. ११२ आहे की.

पोरांच्या दप्तराचं थोडक्यात. ॲपल स्वतः सांगते की एअरटॅग वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. मला दुसरी भीती जास्त वाटते. आत लिथियमची चपटी गोल बॅटरी असते, लहान मुलानं ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. घरात लहानगं असेल तर टॅगचं झाकण घट्ट आहे ना ते आधी बघा.

म्हैस! गंगावेशीत कट्ट्यावर दुधाला उभी असलेली म्हैस हरवत नाही, आणि चरायला जाऊन चुकलेल्या म्हशीजवळ फोन नसतात. तिच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून निदान कुणाची ते तरी कळतं.

"सिम नको, रिचार्ज नको" एवढं मात्र खरं. सीआर २०३२ नावाची बॅटरी साधारण वर्षभर जाते. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, नावातच माप आहे. फक्त पोरांनी गिळू नयेत म्हणून कडू लेप दिलेल्या बॅटऱ्या एअरटॅगमध्ये कधी कधी चालत नाहीत, हे दुकानात विचारून घ्या.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिल्यावर मूळ मजकूर टाकणाऱ्या काकांनी विचारलं, "मग घेऊ का नको?" घ्या म्हटलं, पण किल्लीला लावा. गेल्या महिन्यात माझी किल्ली कपिलतीर्थ मंडईतून आणलेल्या मेथीच्या जुडीखाली वाजली होती, फ्रिजच्या आत. काकांनी परवा घेतला. काल फोन आला, "वाजतोय रे, पण कुठं ते कळंना." कोटाचे खिसे बघा म्हटलं.