'पाटे टाका अन् तीन टन भरा': पिकअपच्या फिरत्या सल्ल्यात खरं किती?

सोयाबीनचे पैसे हाती यायला लागले की वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या व्हॉट्सॲप गटांत या धर्तीचा मेसेज फिरायला लागतो: "दीड टनाची पिकअप घ्या, मागं दोन-दोन पाटे वाढवा, तीन टन आरामात बसते. पासिंग काय पायता! शेतकऱ्याचा माल आहे, पांढऱ्या पाटीवर पास करा, परमिट-फिटनेसची कटकट नाही. कारचं लायसन्स चालते. डीपीएफ पहिल्याच महिन्यात काढून टाका. कर्ज सात टक्क्यानं मिळते, बँकेच्या पायऱ्या झिजवू नका."

यातलं लायसन्सचं वाक्य तेवढं खरं आहे. बाकी एकेक बघू.

"पाटे वाढवा, तीन टन बसते"

पाटे म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. त्या वाढवल्यानं एकच होतं: गाडी मागून बसत नाही. बसली नाही म्हणजे वजन पेललं, असं वाटतं. पण ॲक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक आणि चासी कारखान्यातून आली तशीच असते.

हिशेब मांडून बघा. रिकाम्या गाडीचे 700 किलो मागच्या ॲक्सलवर, असं धरू. हौदा (माल भरायची जागा) बहुतांश मागच्या चाकांवरच असल्यानं मालाचा साधारण 85 टक्के भार मागं येतो. दीड टन माल भरला तर मागं 1,275 अधिक 700, म्हणजे 1,975 किलो. तीन टन भरला तर 3,250. आता टायरच्या कडेला, मापाच्या पुढं छापलेला आकडा वाचा. तो 109 असेल तर एका टायरची क्षमता 1,030 किलो, दोघांची 2,060. दीड टनात गाडी हद्दीच्या आत बसते, तीन टनात जवळजवळ बाराशे किलोनं बाहेर जाते. मे महिन्यात 45 अंशांत, तापलेल्या डांबरावर असा टायर फुटला तर दोष टायर कंपनीचा नाही. (टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासावी. दुपारी वाढलेली दिसते म्हणून काढू नये. गार झाल्यावर ती कमी भरते आणि टायर आणखी तापतो.)

ब्रेकची गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. तो एका दांड्यानं मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो आणि चासी किती खाली बसली यावरून वजन ओळखतो. पाटे वाढवले की चासी खाली येत नाही. व्हॉल्व्हला गाडी अर्धी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांना कमी दाब देतो. म्हणजे वजन दुप्पट आणि मागचा ब्रेक कमी. चिखलदऱ्याच्या उतारावर हा हिशेब फार लवकर चुकता होतो.

यानंतरची मोडतोड साधारण ठरलेल्या वाटेनं येते. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सैल होतात, मग पाट्यांचा सेंटर बोल्ट कातरतो, ॲक्सल किंचित सरकतो, गाडी तिरकी चालायला लागते आणि टायर एका बाजूनं झिजतात. बेअरिंगचं ग्रीस वितळून ब्रेकच्या लायनरवर उतरतं. शेवटी पाट्याच्या हँगरजवळ किंवा केबिनच्या मागं चासीला तडा जातो. वाढवलेले पाटे दिसले की कंपनी वॉरंटीत यातलं काही धरत नाही.

दंडही लहान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भाराला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर 40,000. एका खेपेच्या भाड्यात हे बसत नाही.

खरोखरच दर खेपेला अडीच-तीन टन न्यायचं असेल तर पिकअप सोडा आणि मागं जोडचाकं असलेली, टाटा 407 च्या वर्गातली गाडी बघा.

मग किती टनाची घ्यायची?

मेसेजमध्ये हा प्रश्नच नाही, आणि खरेदीचा सगळा निर्णय इथंच आहे. मालाचे दोन प्रकार करा: जागा खाणारा आणि वजन खाणारा.

मोकळा कापूस जागा खातो. तुडवून भरला तरी हौदा आधी भरतो, टनाचा आकडा मागं राहतो. मुख्य काम जिनिंगला कापूस न्यायचं असेल तर जादा टनाचे पैसे फुकट. तिथं लांब हौदा हवा, नऊ किंवा दहा फुटी. जाळी लावून कापूस बाजूंनी बाहेर काढायची सवय मात्र सोडा. बाहेर आलेल्या मालाला वेगळा 20,000 दंड आहे.

सोयाबीन, तूर, चणा, धान वजन खातात. दीड टन म्हणजे 15 क्विंटल. धानाचे 40 किलोचे कट्टे भरले तर 37. हौदा अर्धाही भरलेला दिसत नाही आणि "अजून बसते" म्हणायचा मोह इथंच होतो. कट्टे केबिनला टेकवून लावा. मागच्या फाळक्याकडं रचले तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. वरुड-मोर्शीकडून नागपूरच्या कळमना बाजारात जाणारा संत्रा मधला. क्रेटमध्ये असेल तर वजन मोजता येतं. मोकळा ढिगानं भरला की अंदाज हमखास चुकतो.

क्षमतेचा आकडा पत्रकातून घेऊ नका. आरसी कार्डावरचं एकूण वजन वजा रिकामं वजन, ही खरी क्षमता. त्यातून ड्रायव्हर, हेल्पर, ताडपत्री, दोर आणि गावातल्या वेल्डरनं लावलेला अँगल-जाळीचा सांगाडा वजा करा. सांगाडाच शे-दीडशे किलो सहज खातो.

पांदण रस्त्याचंही लक्षात घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा आधी फसते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. 4x4 पिकअप मिळतात, पण रस्त्याच्या टायरच्या खाचा चिखलानं बुजल्या की चारही चाकं जागीच फिरतात. बहुतेकांना शेतातून डांबरापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पुढं पिकअप, हेच स्वस्त पडतं.

"पांढऱ्या पाटीवर पास करा"

पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडीची नंबरप्लेट. फक्त माल वाहण्यासाठी बनवलेली गाडी कायद्यानं मालवाहूच ठरते. माल स्वतःच्या शेतातला असला तरी फरक पडत नाही. पाटी पिवळीच लागते. फिटनेस पहिल्यांदा दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

परमिटची सूट खरंच आहे, पण ती पाटीच्या रंगावर नाही, वजनावर आहे. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम 66 मधून परमिट लागत नाही. म्हणून लहान पिकअपचं एकूण वजन बरेचदा 3,000 च्या जरा आत ठेवलेलं दिसतं. 1.7 आणि 2 टनवाल्या त्यापुढं जातात. विनापरमिट सापडल्यास 10,000 दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. दीड आणि पावणेदोन टनांत अडकला असाल तर हा फरक किमतीइतकाच तोलून बघा.

कराचंही तेच. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पापासून 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे. सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन दाखवत असतील तर नवं मागा.

लायसन्स: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. कापूस वेचायला निघालेल्या बायांना हौद्यात बसवायची परवानगी मात्र यातून मिळत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, भरपाई मालकावर येते.

"डीपीएफ काढून टाका"

डीपीएफ म्हणजे डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधला फिल्टर. तो धुरातली काजळी अडवतो आणि गाडी तापली की जाळून टाकतो. अडचण कुठं होते? गाव ते बाजार आठ किलोमीटर, रोज तेवढंच. एक्झॉस्ट तापतच नाही, काजळी साचते, दिवा लागतो. दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर 50-60 च्या वेगानं सलग वीस मिनिटं चालवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. अर्धवट जळणं वारंवार झालं की डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला, आणि कंपनीनं सांगितलेलंच कमी राखेचं घ्या. डीपीएफ काढला तर इंजिनचा कॉम्प्युटर गाडीची ताकद छाटतो. तो 'सेट' करून घेतला तर वॉरंटी जाते आणि पीयूसीला धूर दिसतो.

"सात टक्क्यानं कर्ज"

हे सात टक्के 'फ्लॅट' असतात. 8 लाख, चार वर्षं: व्याज 2,24,000, हप्ता सुमारे 21,333. मुद्दल दर महिन्याला घटतं, व्याज मात्र पूर्ण 8 लाखांवर चालू राहतं. घटत्या शिलकेच्या हिशेबानं हा दर सुमारे 12.7 टक्के पडतो. बँकेचा साडेदहा टक्के ऐकायला जास्त, भरायला कमी. दोन्हीकडून एकूण परतफेडीचा आकडा लेखी घ्या.

ताबा घेताना फॉर्म 21 वर (विक्रीचा दाखला) उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. टायरवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) त्याच्याशी ताडून बघा, स्टेपनीसकट. सांगाडा बसला की रिकामी गाडी काट्यावर चढवून पावती केबिनमध्ये ठेवा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या.