गाडीतला वास झाकू नका, शोधा

ताईच्या गाडीत कुणी बसायला आलं की ती आधी चारही काचा खाली करायची. बाहेर धूळ असो नाहीतर पावसाची सर. मग हळूच म्हणायची, "सॉरी हं, गाडीची पार वाट लागलीय." दोन वर्षं ती गाडी आईला उपचारांना नेण्या-आणण्यात आणि लहान भाच्याला सांभाळण्यात गेली. मागच्या सीटवर आईला उलटी व्हायची, बाळाची दुधाची बाटली गळायची, पातळ औषध सांडायचं. ताई ओल्या फडक्यानं पुसायची आणि पुढच्या कामाला लागायची. दुसरं काय करणार होती ती?

हे आधी सांगायचं कारण, घाण गाडी दिसली की लोक थेट त्या माणसाच्या स्वभावावर घसरतात. आळशी, गबाळी, शिस्त नाही. मला हे अजिबात पटत नाही. गाडी इतकी खराब होते तेव्हा बहुतेकदा त्या घरात कुणीतरी धावपळ करून थकलेलं असतं. अशा माणसाला टोमणा मारण्यापेक्षा एक शनिवार-रविवार त्याच्या गाडीला द्यावा.

ताईनं एकदा धीर करून गाडी 'डीप क्लीनिंग'ला दिली होती. दोन-अडीच तासांत परत आली. डॅशबोर्ड तेल लावल्यासारखा चकचकीत, सीट ओलसर, आत भरपूर सेंट. ताई खूश झाली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं तर तोच आंबूस वास, आणि त्यात आता ओल्या गोणपाटासारखा कुबट वास मिसळलेला. मी पायाखालचं मॅट उचलून कार्पेटवर तळहात दाबला, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.

गाडीचं कार्पेट वरून पातळ दिसतं, पण त्याच्या खाली फोमचा किंवा दाबलेल्या कापडी लगद्याचा जाड थर असतो. आवाज आणि उष्णता अडवायला. तो स्पंजसारखं पाणी पितो आणि वरून कार्पेट बंद असल्यामुळे सोडत नाही. फेस ओतला, ब्रश मारला, वरचा फेस पुसून घेतला की डोळ्यांना सीट स्वच्छ दिसते आणि मळाचं पाणी खाली जाऊन बसतं. ओल राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. कितीतरी गाड्यांत याच थराखालून वायरी जातात आणि त्याखाली पत्रा असतो, म्हणजे गंजाचीही सोय झाली.

माझं मत या एका गोष्टीवर पक्कं झालंय: जेवढं पाणी परत बाहेर काढता येईल तेवढंच आत घालावं. ताईची गाडी मी मग स्वतः घेतली. तीन दिवस लागले, आणि त्यातला पहिला अख्खा दिवस मी पाण्याला हात लावला नाही.

कोरडं काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, पण निम्मी गाडी तिथेच स्वच्छ होते. कार्पेटमध्ये बारीक माती रुतलेली असताना शाम्पू टाकला तर चिखलच होणार. आधी सगळं सामान बाहेर काढलं. मग पुढच्या सीट पूर्ण मागे, पूर्ण पुढे सरकवून रुळांमधला कचरा टॉर्च लावून काढला. सीट आणि मधल्या कन्सोलच्या फटीत हात घालताना जाड हातमोजे घाला, तिथे पिना, ब्लेडचे तुकडे, कधी औषधाच्या सुयासुद्धा असतात. कार्पेटवर ब्रशच्या मुठीनं हलकं ठोकत ठोकत व्हॅक्युम फिरवला की तळातली रेती वर येते. ठोकल्याशिवाय कितीही ओढा, ती हलत नाही. केस आणि दोरे चिकटले असतील तर रबरी हातमोजा एकाच दिशेनं घासा, गोळा होऊन येतात. एसीच्या व्हेंटच्या पट्ट्यांना रंगकामाचा मऊ ब्रश आणि लगेच बाजूला व्हॅक्युमचं तोंड, म्हणजे धूळ उडून दुसरीकडे बसत नाही.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे मला उंदराच्या लेंड्या सापडल्या. हे गंभीरपणे घ्या. त्यांच्यावर कोरडा झाडू किंवा व्हॅक्युम चालवू नका, त्यातली धूळ हवेत उडून श्वासात जाते आणि उंदरांपासून माणसाला गंभीर आजार होऊ शकतात. दारं उघडून हवा खेळू द्या, मास्क-हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून पाचेक मिनिटं भिजू द्या आणि मग कागदानं टिपून पिशवीत बंद करा.

पुढच्या सीट मी काढल्या नाहीत. त्यांच्याखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात, ते साधारणपणे एअरबॅगचे असतात. माहिती नसताना ते ओढायचे नाहीत. मागच्या सीटची बैठक मात्र अनेक गाड्यांत पुढच्या कडेला क्लिपांवर बसवलेली असते, पुस्तिकेत बघून जपून वर उचलली की निघते. ताईच्या गाडीचं सगळं दुखणं तिथेच होतं. बैठक उलटी केली तर फोमच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळट, कडक पापुद्रा. सांडलेलं दूध शिवणीतून झिरपून तिथे वाळलं होतं. नाक जवळ नेलं आणि दोन वर्षांचा वास एका जागी सापडला. वरच्या कापडावर कितीही शाम्पू घासला असता तरी तिथपर्यंत काहीच पोचलं नसतं.

दूध, उलटी यांचा वास म्हणजे त्यातली प्रथिनं आणि चरबी जिवाणूंनी कुजवल्याचा वास. सेंट त्याच्यावर बसतो, त्याला घालवत नाही. इथे एन्झाइम असलेला क्लीनर लागतो. त्यातलं प्रोटीएज नावाचं एन्झाइम प्रथिनं तोडतं, लायपेज चरबी. पण त्याला वेळ द्यावा लागतो. डाग मुरलाय तिथपर्यंत तो पोचला पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत जागा ओलसर राहिली पाहिजे. मारला आणि पुसला, असं केलं तर पैसे फुकट. आधी तीव्र जंतुनाशक मारून ठेवलं असेल तर एन्झाइमचं काम बिघडतं. आणि उकळतं पाणी ओतू नका, उष्णतेनं प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. गार किंवा जेमतेम कोमट पाणी बरं.

वैतागून लोक हाताला येईल ते एकत्र करतात, त्याबद्दल हात जोडून सांगते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन, दोन्ही विषारी. मोकळ्या अंगणातसुद्धा हे वाईट, गाडी तर बंद डबा. पेट्रोल किंवा थिनरनं डाग काढणंही तितकंच धोक्याचं. वास घालवायला बंद गाडीत ओझोन वायू सोडणारं मशीन मिळतं, त्याबद्दल मला खूपजण विचारतात. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो, त्यामुळे मशीन चालू असताना आत माणूस किंवा जनावर असता कामा नये आणि नंतर गाडी पूर्ण हवेशीर करावी लागते. शिवाय फोममध्ये दूध तसंच असेल तर वास परत येणारच. आधी मूळ काढा, मग मशीनची गरज उरली तर बघा.

दुसऱ्या दिवशी ओलं काम. वरून खाली यायचं, म्हणून आधी छत. छताचं कापड मागच्या पातळ फोमसकट गोंदानं चिकटवलेलं असतं. भिजवलं किंवा जोरात घासलं तर सुटून झोळीसारखं लोंबतं, आणि ते पुन्हा बसवणं मोठं काम आहे. फवारा नेहमी फडक्यावर, छतावर कधीच नाही. एका दिशेनं हलकं पुसायचं. एखादा डाग राहिला तर राहू द्या.

सीटसाठी शक्य असेल तर एक्स्ट्रॅक्टर भाड्यानं आणा, म्हणजे पाणी फवारून लगेच ओढून घेणारं मशीन. आमच्याकडे ते होतं. त्याच्या पारदर्शक तोंडातून पहिल्यांदा जे पाणी वर गेलं ते शाईसारखं काळपट होतं. तिसऱ्या फेरीला करडं, पाचव्याला जवळपास नितळ. शेवटच्या दोन फेऱ्या मी साध्या पाण्यानं केल्या, कारण कापडात राहिलेला साबण चिकट होतो आणि नवीन मळ धरून ठेवतो. "आत्ताच धुतली होती, महिन्यात परत काळी झाली" याचं एक मोठं कारण हेच.

सीट वाळल्यावर डाग परत वर येतो, तेव्हा लोकांना वाटतं की घासणं कमी पडलं आणि ते आणखी पाणी ओततात. पाणी वरून उडत असतं, तसतसं तळातलं मळकं पाणी धाग्यांतून वर खेचलं जातं आणि मळ पृष्ठभागावर सोडून जातं. त्यावर उपाय म्हणजे कमी पाणी, जास्त ओढणं, आणि शेवटी जाड कोरडा टॉवेल टाकून अंगाच्या भारानं दाबणं. पुढच्या प्रवाशी सीटमध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असू शकतो, ती सीट तर भिजवूच नका.

लेदर असेल तर ब्रश मऊ हवा, क्लीनर सौम्य. आजच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि संरक्षक लेप असतो, मळ त्या लेपावर असतो. त्याला तेल पाजायची गरज नसते. पांढरा 'मॅजिक' स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच, लेदरवर आणि चकचकीत काळ्या प्लास्टिकवर तो फिरवू नका.

स्टिअरिंग स्वच्छ झालंय हे कसं ओळखायचं? चमक गेली की. लेदरच्या स्टिअरिंगची चमक ही बऱ्याचदा हाताच्या तेलाची आणि घामाची असते. ताईच्या गाडीत वरच्या अर्ध्या भागावर ती इतकी साचली होती की शिवणीची भोकं बुजली होती. ओलसर मायक्रोफायबर आणि थोडा क्लीनर, चार फडकी काळी झाली, मग खालचा मूळ मंद पोत दिसला.

सीटबेल्टकडे कुणाचं लक्षच जात नाही. पूर्ण बाहेर ओढला, परत आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावला आणि सौम्य साबणाच्या कोमट पाण्यानं पट्ट्याच्या दिशेनं पुसला. ब्लीच किंवा तीव्र रसायन लावायचं नाही, धागा कमजोर होऊ शकतो. पूर्ण वाळेपर्यंत आत सोडायचा नाही. वरच्या कडीत, जिथून पट्टा वळतो, तिथे काळा मेणचट थर जमला होता. तो काढला आणि सहा महिने रेंगाळत आत जाणारा बेल्ट सटकन गेला. ताई तो बदलून घ्यायच्या विचारात होती.

डॅशबोर्डवर चमकणारं पॉलिश नको, हे माझं ठाम मत. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं. तेच पॉलिश पेडलला किंवा स्टिअरिंगला लागलं तर पाय-हात घसरतो. काच शेवटी. आतून जो धुरकट थर येतो त्यात प्लास्टिकमधून उन्हानं निघणारी वाफही असते, म्हणून सिगारेट न ओढणाऱ्यांच्या गाडीतही तो दिसतो. काचेला फिल्म असेल तर अमोनियाचा क्लीनर टाळा, आणि मागच्या काचेवरच्या तारांच्या दिशेनंच पुसा.

केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला तर त्याच्या घड्या पानांनी आणि उंदरानं कुरतडलेल्या कापसानं भरलेल्या. नवा घातला. कितीतरी गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानं बदलता येतो. एसीतून कुबट वास येत असेल तर मुक्कामाला पोचायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, आतला भाग कोरडा होतो.

एक गोष्ट मात्र मला तिसऱ्या दिवशीच कळली. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूची सगळी ओल काही त्या क्लीनिंगची नव्हती. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली होती आणि थेंब थेंब आत गळत होतं. ती मोकळी केली नसती तर सगळी मेहनत वाया गेली असती. कुठे ओल सापडली तर ही नळी, समोरच्या काचेखालची पानं साचणारी जागा आणि दारांच्या खालची भोकं, तिन्ही बघून घ्या. डिकीत स्टेपनी उचलून तिच्या खालची खोलगट जागासुद्धा.

वाळवायला कार्पेटची कड उचलून खाली लाकडी ठोकळे ठेवले, टेबलफॅन लावला, दारं दिवसभर उघडी. वरचा भाग संध्याकाळी सुकला, खालच्या थराला दीड दिवस लागला. म्हणून गाडी बाहेर कुठे देणार असाल तर कुठला शाम्पू वापरता हे विचारू नका. वाळवता कसं, आणि गाडी किती वेळ ठेवून घेता, हे विचारा. जो माणूस म्हणतो की उद्या संध्याकाळशिवाय देणार नाही, त्याच्याकडे द्या आणि त्याच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्या. हे कंबर मोडणारं काम आहे, मी तीन दिवस केलंय.

रविवारी संध्याकाळी खालच्या थरावर टिश्यू पेपर दाबून बघितला. कोरडा. मॅट परत टाकले, सीटची बैठक क्लिपांत बसवली, ताईला बोलावलं. ती बसली आणि सवयीनं तिचा हात काचेच्या बटणावर गेला. चारही काचा खाली आल्या. मग ती थांबली, एक मोठा श्वास घेतला, आणि एकेक करून चारही काचा वर केल्या.