टिंबं मुलांनाच ठेवू द्या

लेखात म्हटलंय, शिक्षकांनी चित्रावर क्लिक करायची टिंबं टाकून माहिती जोडली की वर्ग जागा होतो. होतो, पण थोडाच वेळ. मग मुलं न वाचता नुसती टिंबं दाबत सुटतात. मी सहावीला मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनचा कोरा फोटो देते, टिंबं त्यांनीच ठेवायची. तिथून लोकल पकडणारी पोरंही तेव्हा कुठे नीट बघतात: फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ! सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा, हे स्वतः शोधून लिहितात. घुमटावरच्या बाईच्या हातात चाक का, यावर तर भांडणंच. अशी टिंबं टाकायचं एचफाइव्हपी (H5P) हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सहज जमतं. फक्त एका टिंबात दोनच वाक्यं, नाहीतर अख्खा विकिपीडिया चिकटवतात. वायफाय झोपलं तर फोटोची प्रिंट आणि पेन्सिल, काही अडत नाही.